नेपाळ भूकंपाची दहा वर्षं: घरं उभी राहिली, मग गावं रिकामी का?

डोंगरवेडा

मंडळी, काल २५ एप्रिल होता. नेपाळच्या २०१५ च्या भूकंपाला दहा वर्षं झाली. आपल्याकडच्या बातम्यांत कुठे एक ओळ दिसली नाही म्हणून हा धागा काढतोय, लांबेल बहुतेक, आधीच सांगतो.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मी नेपाळमधल्या लांगटांग खोऱ्यात ट्रेकला गेलो होतो. स्याब्रुबेसीवरून निघालं की पहिले दोन दिवस नुसतं जंगल आणि नदीचा आवाज, मग झाडं विरळ होतात, दरी उघडते आणि एकदम समोर राखाडी दगडगोट्यांचं भलं मोठं मैदान येतं. आमचा गाइड तिथे थांबला, टोपी काढली आणि म्हणाला, खाली गाव आहे. मी दरीत बघायला लागलो, खाली नदीकाठी कुठे घरं दिसतायत का. तो काही बोलला नाही, फक्त बोटाने माझ्या बुटांकडे दाखवलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गाव पायाखाली होतं.

वरच्या कड्यावरून बर्फ, दगड, माती सगळं एकत्र खाली आलं आणि अख्खं लांगटांग गाव गाडलं गेलं. त्या खोऱ्यात गावकरी आणि ट्रेकर धरून साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली. हवेचा झोत इतका होता की समोरच्या उतारावरची झाडंसुद्धा सगळी एकाच दिशेला आडवी पडली. एक घर तेवढं वाचलं, कड्याच्या पोटात असल्यामुळे. त्याच्या दारात मी पाच मिनिटं उभा होतो, दाराला कडी होती, खिळ्याला दोरी लटकत होती, आणि शेजारी काहीच नाही. नवीन गाव जरा वर वसवलंय, तिथे गेलेल्यांच्या नावांची भिंत आहे, गावकऱ्यांची नावं आणि परदेशी ट्रेकर्सची नावं एकत्रच.

परत येताना गाइडने आग्रह करून सिंधुपाल्चोकमधल्या त्याच्या गावी नेलं. सगळ्यात जास्त माणसं गेली ती याच जिल्ह्यात, साडेतीन हजारांच्या घरात. गावात घरं नवी होती. दोन खोल्या, निळा पत्रा, भिंतीत मधे मधे सिमेंटचा आडवा पट्टा, आणि अर्ध्यांहून जास्त घरांना कुलूप. त्याच्या वडलांनी अंगणात बसवून चहा दिला आणि एकेका कुलपाकडे बोट करून सांगत गेले, हा कतारला, हा मलेशियाला, ही दोघं काठमांडूला भाड्याने. मागच्या पावसाळ्यात गावात एक मयत झालं तेव्हा खांदा द्यायला खालच्या गावातून माणसं बोलवावी लागली म्हणाले.

ते डोक्यातून जात नाही. आकड्यांत बघितलं तर नेपाळने कमाल केली, जवळजवळ पाच लाख घरं जमीनदोस्त झाली होती आणि त्यातली बहुतेक परत बांधली, इतक्या गरीब देशाने. मग गाव परत का नाही उभं राहिलं? माहिती असलेल्यांनी लिहा.

अनुजा_डी

वाचताना काटा आला अंगावर. त्या दिवशी शनिवार होता ना? मला आठवतंय कारण आम्ही घरी होतो आणि पाटण्याला राहणाऱ्या नणंदेचा फोन आला की इथे पंखे हलतायत.

डोंगरवेडा

हो शनिवार, दुपारी १२ ला चार मिनिटं कमी. आणि नेपाळमध्ये आठवड्याची सुट्टी शनिवारी असते! शाळा बंद होत्या. हजारो वर्गखोल्या पडल्या त्या दिवशी. शुक्रवारी झालं असतं तर काय, हा विचारसुद्धा करवत नाही. शिवाय दुपारची वेळ, खेड्यातली माणसं शेतावर होती. हेच रात्री झालं असतं तर ९ हजारांचा आकडा कुठे गेला असता देव जाणे.

किल्लारीकर

रात्रीचं म्हणालात म्हणून लिहितो. एरवी मी नुसता वाचणारा आहे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती शिरवून सगळं गाव दमून झोपलेलं. मी नऊ वर्षांचा होतो. आमचं घर माळवदाचं, दोन-अडीच फुटाच्या दगडमातीच्या भिंती आणि वर लाकडावर दीड-दोन फूट मातीचा थर, दर उन्हाळ्यात आजोबा वर अजून माती टाकायचे गळू नये म्हणून. ती सगळी माती खाली आली. मला ओढून काढलं ते माझ्या तोंडात, नाकात, कानात मातीच होती, तिचा वास अजून पहिल्या पावसात येतो आणि मला बाहेर थांबवत नाही. आजी आणि धाकटी बहीण गेल्या.

लातूर-उस्मानाबाद मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली आमच्याकडे, आणि भूकंप किती तर सव्वासहा. नेपाळचा ७.८. म्हणजे ऊर्जेच्या हिशोबाने शंभरपटीच्याही वर मोठा, आणि माणसं साधारण तेवढीच. वेळेने मारलं आम्हाला आणि भिंतींनी.

तुम्ही कुलपांचं लिहिलंत. आमच्याकडे ५२ गावं उठवून नवीन जागी बसवली. सरकारनं, संस्थांनी घरं बांधून दिली, उपकार आहेत, विसरणार नाही. पण नवं गाव म्हणजे पाटीवर आखल्यासारखे चौकोन, मोठाले रस्ते, शेजारी लांब, शेत त्याहून लांब. जुन्या गावात आई ओट्यावरून हाक मारायची तर पाच घरांत ऐकू जायची. नव्या गावात कुणाला हाक मारायची हेच तिला कळेना. पुष्कळ वर्षं ती रोज दुपारी जुन्या गावाकडे चालत जायची, पडक्या भिंतीवर बसायची, संध्याकाळी परत. काही आणायला नाही, नुसतीच.

मृण्मयी

किल्लारीकर, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सोपं नसणार.

स्ट्रक्चरवाली

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, २०१६-१७ मध्ये नेपाळमध्ये घरांच्या तपासणीच्या कामावर दहा महिने होते, गोरखा आणि नुवाकोट या जिल्ह्यांत. थोडं तांत्रिक, थोडं पैशाचं लिहिते.

किल्लारीकरांनी अचूक बोट ठेवलंय. भूकंप माणसं मारत नाही, घर मारतं, हे आम्ही कॉलेजात घोकतो पण तिथे गेल्यावर पोटात कळतं. बार्पाकला केंद्र होतं, गोरखा जिल्ह्यात, डोंगराच्या खांद्यावरचं सुंदर गाव. तिथल्या घरांच्या भिंती आणि किल्लारीच्या भिंती सख्ख्या बहिणी. बाहेरून एक दगडी थर, आतून एक दगडी थर, मधे चिपा आणि माती भरलेली. दोन थरांना एकमेकांशी बांधणारं काहीच नाही. हादरा बसला की भिंत पोटातून फुगते, बाहेरचा थर बाहेर पडतो, आतला आत. आत माणसं असतात.

काठमांडूबद्दल सगळ्यांना भीती होती की शहर पूर्ण झोपेल. तसं झालं नाही, आणि त्यात बांधकामापेक्षा नशिबाचा भाग मोठा आहे हे नेपाळी इंजिनिअर मोकळेपणाने सांगतात. जुन्या तळ्याच्या गाळावर बसलेलं ते खोरं या वेळी संथ, लांब लांब हेलकावे खात हललं, चार-पाच सेकंदाला एक. असा हेलकावा उंच बांधकामाला वाईट, दोन-तीन मजल्याच्या घराला त्यामानाने सोसतो. पुढच्या वेळी तसाच येईल याची खात्री कुणी देऊ नये. भारताचा भूभाग वर्षाला साधारण २ सेंटीमीटर हिमालयाखाली सरकतोय आणि या भूकंपात त्याचा एक तुकडाच मोकळा झाला, गोरख्यापासून पूर्वेकडे दीडशे किलोमीटरचा. पश्चिम नेपाळात १५०५ नंतर तसा मोठा झालाच नाहीये.

एक चांगली गोष्टही सांगते, ती कुणी सांगत नाही. काठमांडू खोऱ्यातल्या दीडशेच्या वर शाळा भूकंपाच्या आधीच मजबूत करून घेतल्या होत्या, भिंतींना जाळी, पट्टे वगैरे घालून. त्या सगळ्या उभ्या राहिल्या. शेजारच्या पडल्या आणि या उभ्या! पुढे कित्येक दिवस माणसं तिथेच राहिली.

आता पैसा. घर पडलेल्याला ३ लाख नेपाळी रुपये, आधी २ लाख होते, ओरड झाल्यावर वाढवले. नेपाळी रुपया १.६ ला आपला १, म्हणजे आपले १ लाख ८७ हजार. तेही तीन हप्त्यांत, करार झाला की ५० हजार, पाया जोत्यापर्यंत आला आणि आम्ही तपासून पास केला की दीड लाख, भिंती वरच्या पट्ट्यापर्यंत आल्या की उरलेले एक लाख. घर मालकानेच बांधायचं, सरकार बांधून देणार नाही. माझ्या मते हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. ठेकेदाराने बांधलेलं घर आणि स्वतः उभं राहून बांधलेलं घर यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि महत्त्वाचं म्हणजे गवंडी शिकतात. माझ्या वॉर्डात नऊ बायका गवंडीकाम शिकल्या, कारण पुरुष गावात होतेच कुठे. त्यांच्या हातची भिंत ओळंब्यात असायची, मी डोळे मिटून सही करायचे असं म्हणणार नाही, पण आनंदाने करायचे.

तात्या_बोरिवली

ते सगळं ठीक आहे पण जगाने अब्जावधी डॉलर दिले ना, ते गेले कुठे? तीन लाखात काय होतं? संस्थावाल्यांनी खाल्ले दुसरं काय. त्यापेक्षा आपल्या किल्लारीसारखी तयार घरं बांधून द्यायची आणि मोकळं व्हायचं.

स्ट्रक्चरवाली

तात्या, राग समजू शकते, पण सरसकट खाल्ले म्हणणं त्या लोकांवर अन्याय आहे. जून २०१५ मध्ये काठमांडूला परिषद झाली तिथे ४ अब्ज डॉलरच्या वर कबूल झाले, त्यात भारताचे १ अब्ज, त्यातला पाव हिस्सा अनुदान आणि बाकीचं कर्ज. नुकसानच ७ अब्जांचं होतं, देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश. आणि कबूल करणं वेगळं, कर्ज वेगळं, हातात पडणं वेगळं.

खरं दुखणं उशिराचं होतं. पुनर्निर्माण प्राधिकरण उभं राहायला डिसेंबर २०१५ उजाडला, आठ महिने! राजकीय पक्षांचं एकमत होईना की वर कोण बसणार. तोपर्यंत एक पावसाळा आणि अर्धी थंडी लोकांनी टहऱ्यात काढली होती. टहरा म्हणजे जस्ताच्या पत्र्याचं तात्पुरतं खोपट, तिकडचा शब्द, तिथे राहिलात की तो दिवसातून वीस वेळा ऐकू येतो. आणि गावात निवडून आलेलं कुणी नव्हतं, स्थानिक निवडणुका १९९७ नंतर थेट २०१७ मध्ये झाल्या. म्हणजे भूकंपाच्या वेळी सरपंच म्हणावा असा माणूसच नाही, एक सचिव चार चार गावांचा कारभार बघतोय. यादीत कुणाचं नाव घालायचं हे कोण ठरवणार?

अनुजा_डी

बापरे, हे माहीत नव्हतं. आपण ग्रामपंचायतीला नावं ठेवतो पण असा प्रसंग आला तर पहिला धावतो तो सरपंच नाहीतर पोलीस पाटीलच.

विनायक_ठाणे

एक अवघड विषय काढतो, भांडण नको कृपया. भूकंप झाला त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत आपलं एनडीआरएफ आणि हवाई दल तिथे पोचलं होतं, ऑपरेशन मैत्री. अभिमान वाटला होता. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नेपाळची नवी राज्यघटना आली, तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यात, तिथल्या मधेशी लोकांचं आंदोलन पेटलं, आणि सीमेवरून ट्रक जाणं बंद झालं ते फेब्रुवारी २०१६ पर्यंत. भारत म्हणतो आम्ही अडवलं नाही, आंदोलकांमुळे ट्रक थांबले. नेपाळी माणूस आजही नाकाबंदी म्हणतो आणि बोट आपल्याकडे दाखवतो. मी तेव्हा कंपनीच्या कामाने काठमांडूला होतो, मी बघितलेलं सांगतो. गॅस सिलिंडरच्या रांगा, हॉटेलच्या अंगणात लाकडावर स्वयंपाक, पेट्रोल बाटलीतून काळ्या बाजारात. आणि वर डोंगरात टहऱ्यात लोक पहिली थंडी काढत होते, त्यांच्यापर्यंत पत्रे आणि ब्लँकेट न्यायला ट्रकला डिझेल नाही. ज्याच्याकडे जेवायला जायचो त्या घरच्या आजी मला म्हणाल्या, बाबू, भूकंप देवाने आणला, हे कुणी आणलं? मला उत्तर देता आलं नाही. मान खाली घालून जेवलो.

तात्या_बोरिवली

हे वाचून वाईट वाटलं. संस्थावाल्यांबद्दलचं माझं वाक्य मागे घेतो, सगळे सारखे नसतात.

मृण्मयी

मी वास्तुरचना शिकले आहे, जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करते, भक्तपूरला दोनदा जाऊन आले. घरांच्या बाबतीत शहरात वेगळीच अडचण आहे.

भक्तपूरच्या जुन्या गल्ल्यांत नेवार कुटुंबांची घरं म्हणजे विटा आणि कोरीव लाकडाची, चार मजली, एकाला एक चिकटून. वाटणी कशी, तर उभी! भावाभावांत घर वरपासून खालपर्यंत चिरतात. पिढ्यांमागून पिढ्या चिरत गेल्यावर काही वाटण्या इतक्या अरुंद उरल्यात की एक खोली आणि जिना, बस. पडल्यावर बांधायचं तर पाच भावांची सही लागते, एक ऑस्ट्रेलियात, एक बोलत नाही, एकाच्या नावावर कागदच नाही. आपल्या पुण्या-साताऱ्याच्या वाड्यांची भाऊबंदकी आठवली मला, डिट्टो. लालपुर्जा, म्हणजे आपला सातबारा म्हणा, तो नसेल तर अनुदानासाठी खेटेच खेटे. आणि भाडेकरूंना तर घर गेलं म्हणून काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

दोन इमारतींबद्दल सांगायचं राहवत नाही. धरहरा, नेपाळचे जुने पंतप्रधान भीमसेन थापांनी काठमांडूत बांधलेला मनोरा, १९३४ च्या भूकंपात पडला, परत बांधला, २०१५ ला परत पडला, शनिवार म्हणून वर चढलेली माणसं होती. तो सरकारने काँक्रीटचा नवा चकचकीत बांधला, २०२१ मध्ये उद्घाटन झालं. दुसरा काष्ठमंडप, ज्याच्यावरून काठमांडू नाव पडलं. त्या दिवशी तिथे रक्तदान शिबिर चालू होतं, रक्त द्यायला आलेली माणसं त्याच्याखाली गेली. नंतर पाया खणून बघितला तर तो निघाला सातव्या शतकापर्यंत जुना आणि ठणठणीत. चूक कुठे होती, तर १९६० च्या दशकातल्या दुरुस्तीत चार मुख्य खांबांपैकी एक खांब त्याच्या बैठकीच्या दगडात नीट बसवलाच नव्हता. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी बरोबर केलं होतं, आपण बिघडवलं. तो मात्र लोकांनी हट्टाने लाकूड, वीट आणि मातीतच परत उभा केला, समिती करून, वर्गणी काढून. राणीपोखरीला, म्हणजे काठमांडूतल्या जुन्या तळ्याला, काँक्रीट वापरायला लागले तर माणसं रस्त्यावर उतरली आणि काम बंद पाडलं. काठमांडूचा बौद्धनाथ स्तूप तर २०१६ च्या नोव्हेंबरमध्येच पूर्ण झाला, भाविकांच्या पैशांतून, सरकारच्या आधी.

डोंगरवेडा यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं. जिथे लोक जागेवर राहिले आणि काम त्यांच्या हातात होतं तिथे नुसती इमारत नाही, गुठी (देवळं-सण सांभाळणारी तिथली मंडळं), जत्रा, रथ ओढणं, सगळं परत आलं.

डोंगरवेडा

मृण्मयी, आणि उरलेलं अर्धं उत्तर तुमच्या वाक्यातच आहे, "लोक जागेवर राहिले". डोंगरातले राहिले नाहीत. घर बांधायला ३ लाख पुरत नाहीत, कमी पडले ते सावकाराकडून, ते फेडायला मुलगा आखातात. म्हणजे ज्याच्यासाठी घर बांधलं तोच ते फेडायला घराबाहेर. गाइडच्या बाबतीत नेमकं हेच झालं, धाकटा भाऊ कतारला गेला तो घराचं कर्ज डोक्यावर घेऊन. भूकंपाच्या आधीपासूनच बाहेरून येणारा पैसा नेपाळच्या उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त होता, नंतर तर काही विचारू नका.

किल्लारीकर

आमच्याकडे पुण्याला गेले. कतार काय, पुणे काय.

स्ट्रक्चरवाली

खरंय. आणि प्रामाणिकपणे एक कबूल करते. आमच्या तपासणीच्या यादीत घर पास-नापास होतं, घरात किती माणसं राहणार हा रकानाच नव्हता. नियमात बसावं आणि हप्ता मिळावा म्हणून पुष्कळांनी एकच खोली बांधली. मी त्या पास केल्या. दोन वर्षांनी परत गेले तेव्हा त्यात मक्याची कणसं आणि बकऱ्या होत्या आणि माणसं शेजारी टहऱ्यातच, कारण चूल, गोठा, धान्य, पाहुणे, सगळं त्या एका खोलीत मावतच नव्हतं. ते दगडमातीचं जुनं घर तीन मजली असायचं, खाली गुरं, मधे माणसं, वर धान्य. आम्ही भिंत बघितली, घर नाही बघितलं.

देवगड_बागायतदार

नमस्कार, सीझन जोरात चालू आहे म्हणून तुटक लिहितो. आमच्या हापूसच्या बागांत राखणीला आणि काढणीला नेपाळी माणसं असतात, कोकणात सगळीकडेच आहेत, ती नसली तर आंबा पेटीत जाणार नाही ही सरळ गोष्ट. माझ्याकडे दहा वर्षांच्या वर एक कुटुंब येतं, दिवाळीच्या आसपास येतात, पाऊस लागला की जातात.

२०१५ ला मी काळजीने विचारलं होतं तर त्यांच्यातला एकजण म्हणाला, आमच्याकडे काही नाही साहेब, आम्ही पश्चिमेचे, जाजरकोटचे. मग ३ नोव्हेंबर २०२३. रात्री पावणेबाराला जाजरकोटलाच भूकंप झाला, सगळे झोपेत. दीडशेच्या वर माणसं गेली. तो आदल्याच दिवशी माझ्याकडे पोचला होता, सामानसुद्धा सोडलं नव्हतं. सकाळी सहाला दारात उभा, फोन हातात, बोलता येईना. पुतणी गेली, घर गेलं. मी तिकिटाचं बघितलं, पण इथून जाजरकोट म्हणजे गाडी, मग सीमा, मग बस, मग चालत, पाचव्या दिवशी पोचला.

मला एकच कळत नाही. २०१५ नंतर एवढं सगळं शिकले, गवंडी तयार झाले, पट्टे घालायला लागले, मग २०२३ मध्ये त्याचं घर तेच जुनं दगडमातीचं कसं?

स्ट्रक्चरवाली

कारण अनुदान भूकंप झालेल्या ३२ जिल्ह्यांपुरतं होतं. जाजरकोट, रुकुम त्यात नाहीत. पडलं नाही म्हणून पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून घर तेच, आणि घर तेच म्हणून पडलं. रिश्टरवर तो मोठा नव्हताच, २०१५ च्या मानाने लहानच. आणि जास्त गरीब माणूस आखातात जाऊ शकत नाही, एजंटला द्यायला पैसे नसतात, तो भारतात येतो. तुमच्या बागेत. प्राधिकरणही डिसेंबर २०२१ मध्ये मुदत संपली म्हणून बंद झालं, शिकलेली सगळी माणसं पांगली. मला याचा सगळ्यात जास्त त्रास होतो.

त्याचं घर आता कुठवर आलंय?

देवगड_बागायतदार

कुठे हो. तात्पुरत्या निवाऱ्याला दोन वेळा मिळून ५० हजार नेपाळी मिळाले, त्यात पत्रे आले. म्हातारी आई, बायको, दोन पोरं त्याच पत्र्यात, दुसरी थंडी गेली. या सीझनचे पैसे घेऊन पावसाच्या आधी भिंत उचलायची म्हणतोय. भाऊ आणि तो मिळूनच बांधणार, त्याच जुन्या दगडांत, माती घालूनच, सिमेंट तिथे वर न्यायला परवडत नाही. मॅडम, त्याला साध्या भाषेत सांगण्यासारखं काही असेल तर सांगा, मी संध्याकाळी वाचून दाखवतो. त्याला मराठी येतं, मालवणी जास्तच चांगलं येतं.

स्ट्रक्चरवाली

मातीत बांधलं तरी चालेल, फक्त हे करायला सांगा. आता फोनवरूनच लिहिते.

घर एक मजलीच. भिंत दीड फुटाच्या आसपास, त्याहून जाड करायचा मोह नको, जाड म्हणजे मजबूत असं नसतं. दगड टाकताना दर चार फुटांवर एक दगड असा लांब घालायचा की तो भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार जाईल, आणि वर चढताना दर दोन फुटांना परत तशी ओळ. कोपऱ्यावर लांब दगड एकदा या भिंतीत, एकदा त्या भिंतीत, विणल्यासारखे. जोत्यावर, खिडकीच्या खाली, दारा-खिडकीच्या वर आणि छपराच्या खाली असे लाकडी पट्टे, सगळीकडून घराला कंबरपट्ट्यासारखे फिरलेले, कुठेही न तुटता. पट्टा म्हणजे शिडी आडवी ठेवल्यासारखी, दोन लांब लाकडं आणि मधे आडवे तुकडे, कोपऱ्यात पक्के ठोकलेले. जुन्या घराची तुळयांची लाकडं वाचली असतील तर ती चिरून होतील. दार-खिडक्या कोपऱ्यापासून लांब आणि लहान. छपराखालचा त्रिकोण दगडाचा अजिबात करायचा नाही, तो सगळ्यात आधी पडतो, तिथे फळ्या नाहीतर पत्रा. आणि वर पत्राच, नीट बांधून. तिथे पालिकेचा इंजिनिअर येत असेल तर पाया भरायच्या आधी त्याला दाखवायलाच सांगा, जागा घसरणीची आहे की नाही हे मी इथून सांगू शकत नाही.

किल्लारीकर

त्याला हेही सांगा, वरचं नुसतं पाठ नको, पहिल्या दिवशीपासून पोरांना तिथे उभं करून दाखव कुठला दगड का घातला. माझ्या आजोबांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी माळवदावर माती टाकली नसती.

देवगड_बागायतदार

वाचून दाखवलं आत्ता, पडवीत बसलो होतो, पेट्या भरून झाल्यावर. दोनदा वाचायला लावलं. तुळया आहेत म्हणतो, साल वृक्षाच्या, सहा बाहेर काढून झाकून ठेवल्यात. त्याची एकच शंका आहे, आरपार जाईल एवढा लांब दगड त्यांच्याकडे मिळत नाही, सगळा तुकडेवाला दगड आहे. मग काय करायचं विचारतोय.

स्ट्रक्चरवाली

मग दगडाऐवजी लाकडाचा ठोकळा, भिंतीच्या जाडीएवढा लांब, तीन बोटं जाड. किंवा सळईचा तुकडा दोन्ही टोकांना वाकवून, इंग्रजी एस सारखा, आणि त्याच्याभोवती मूठभर सिमेंट. एक गोणी सिमेंट पुष्कळ होईल तेवढ्याला.

देवगड_बागायतदार

सांगितलं. एक गोणी वर नेता येईल म्हणतो, खेचरावरून. भावाला फोन लावलाय, बाहेर काजूच्या झाडाखाली उभा राहून हाताने माप दाखवतोय त्याला, फोनवर दिसत नाही तरी.